दुनळी ढिली झालीय की नुसती मळलीय?

जुनी दुनळी हातात आली की आधी ती बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. पुढची सगळी तपासणी डमी काडतुसांवरच करायची.

बहुतेक जण तक्रार आणतात ती ‘खुळखुळते’ म्हणून. तपासण्याआधी फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग, काढा. तो बसवलेला असला की नळ्या मागे रेटल्या जातात आणि झीज लपते. मग दस्ता काखेत घट्ट धरून नळ्या आडव्या हलवून बघा. नळ्यांच्या मागे सिगारेटचा पातळ कागद ठेवून बंदूक बंद केली तर तो पकडला गेला पाहिजे. ओढल्यावर सहज सुटला तर नळ्यांखालचा हुक आणि बिजागरीची पिन झिजलीय असं समजा. काही कारागीर हुक ठोकून पसरवतात. चार दिवस बंदूक घट्ट वाटते, मग पहिल्यापेक्षा वाईट. खरा उपाय म्हणजे किंचित जाड पिन घालणं, किंवा हुकावर धातू चढवून तो पुन्हा जुळवणं. जुळवताना काजळी लावा, बंद करा, उघडा. जिथे काजळी पुसली गेली तेवढीच जागा बारीक कानशीने घासा. आणि पुन्हा काजळी. हे काम घाईत होत नाही.

एकाच नळीचा बार उडत नसेल तर न उडालेल्या काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर पिनने पाडलेला खड्डा दुसऱ्या नळीच्या खड्ड्याशी ताडून पाहा. उथळ असेल तर लगेच स्प्रिंग बदलायला धावू नका. निम्म्या वेळा आत सुकून गोंद झालेलं जुनं तेल निघतं. धुऊनही फरक पडला नाही तरच फायरिंग पिनचं टोक आणि स्प्रिंग बघा. १८७५ च्या अॅन्सन-डीली पेटंटच्या (घोडे आत लपलेल्या रचनेच्या) धर्तीवरच्या बऱ्याच बंदुकांत पिन घोड्याचाच भाग असते, त्यामुळे टोक मोडलं की काम वाढतं. उघडताना स्क्रूच्या खाचेत अचूक बसेल असाच ड्रायव्हर घासून घ्या. जुन्या खाचा फार अरुंद असतात, आणि कुरतडलेला स्क्रू आयुष्यभर चुगली करतो.

नळ्या सुट्या करून हुकाला बोट अडकवून टांगा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर उत्तम. बद्द आवाज आला तर मधल्या पट्टीचा डाख सुटलाय. अशा नळ्या गरम क्षारांच्या काळ्या रंगात कधीच बुडवू नका, ते द्रावण उरलासुरला डाखही खातं.

चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागाही मोजून घ्या. अडीच इंची चेंबरमध्ये पावणेतीन इंची काडतूस बसतं खरं, पण उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो.

एक चाप ओढल्यावर दोन्ही बार उडत असतील, तर बंदूक तिथेच बाजूला ठेवा. डमी काडतुसं घालून दोन्ही घोडे चढवा, एक चाप ओढा, दस्त्याच्या टाचेवर रबरी हातोडीने हलकेच ठोका आणि मग दुसरा चाप ओढा. ‘टक’ ऐकू आलं नाही तर दुसरा घोडा ठोक्यानेच पडलाय, म्हणजे सीअरची (चढवलेला घोडा अडवून धरणाऱ्या खिटीची) पकड गेली. ही धार घरी घासायची नाही. केसभर कोन चुकला तरी बंदूक नुसत्या धक्क्याने उडू शकते. थेट बंदूक-कारागिराकडे न्या.