कंट्रोलर हाताला बोचतोय? दोष आकाराला देण्याआधी या चुका टाळा

दुकानात हातात घेतलेला जवळपास प्रत्येक गेम कंट्रोलर बरा वाटतो. बोटं ताजी असतात, समोर गेम नसतो आणि पाच मिनिटांत कोणाचंच काही दुखत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या तासाला होते. त्यामुळे ‘पकड मस्त आहे’ एवढ्यावर पैसे मोजू नका.

वजनाच्या आकड्यावर निकाल लावणं ही तर नेहमीची चूक. पीएस४ चा ड्युअलशॉक ४ साधारण २१० ग्रॅमचा, निन्टेन्डोचा स्विच प्रो २४६ चा, पीएस५ चा ड्युअलसेन्स २८० चा आणि एक्सबॉक्स सिरीजचा कंट्रोलर सेलसकट २८७ चा. मग २१० वाला सगळ्यांत आरामदायी का? तसं होत नाही. त्याच्या धरायच्या मुठी बारीक आहेत, मोठ्या पंज्याच्या माणसाला बोटं आवळून धरावा लागतो. ड्युअलसेन्स जड असला तरी तळहातात विसावतो. उलटंही घडलंय. २००१ मध्ये पहिल्या एक्सबॉक्ससोबत आलेला ‘ड्यूक’ इतका अवाढव्य होता की जपानसाठी लहान कंट्रोलर बनवावा लागला आणि पुढे तोच सगळीकडे द्यायला सुरुवात झाली.

आता मुख्य मुद्दा, डावा अंगठा. एक्सबॉक्स आणि स्विच प्रोमध्ये डावी स्टिक (अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी) वर आणि डी-पॅड (अधिकच्या चिन्हासारखी चार दिशांची बटणं) खाली, प्लेस्टेशनमध्ये नेमकं उलट. यामागे अंगठ्याचा अभ्यास कमी आणि इतिहास जास्त आहे. १९९४ च्या मूळ प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला स्टिक नव्हत्याच. १९९७ मध्ये त्या आल्या तेव्हा खाली मध्यभागी उरलेल्या जागेत बसवल्या आणि तिथेच राहिल्या. म्हणून ‘कुठली रचना चांगली’ यावर भांडण्यापेक्षा तुम्ही काय खेळता ते बघा. शूटर किंवा मोठ्या जगात भटकायचे गेम असतील तर अंगठा सतत स्टिकवरच असतो, तिथे वरची स्टिक मला तरी सरस वाटते. टेकनसारखे फायटिंग गेम डी-पॅडवर खेळत असाल तर प्लेस्टेशनचा डी-पॅड बरोबर अंगठ्याखाली येतो.

घरीच एक चाचणी करा. कंट्रोलर धरून कोपर मांडीवर टेका, डोळे मिटा आणि अंगठे सैल सोडा. ते जिथे पडतील तिथे तुमचं सर्वांत जास्त वापरातलं बटण किंवा स्टिक हवी. मग तर्जनी ट्रिगरवर (मागच्या बाजूचं खालचं बटण) ठेवून फक्त तिचं टोक वळवून बंपर (त्याच्या वरचं बटण) दाबता येतो का पाहा. त्यासाठी अख्खी मूठ सरकवावी लागत असेल तर तो कंट्रोलर तुमच्या हाताला मोठा आहे, जाहिरात काहीही म्हणो. शेवटी डावी स्टिक पुढे ढकललेली असतानाच आत दाबून बघा. बऱ्याच गेममध्ये पळण्यासाठी हेच करावं लागतं आणि अंगठ्याचं बूड बहुतेक वेळा त्यानेच दुखतं. सेटिंगमध्ये ‘पळणं’ दुसऱ्या बटणावर टाकलं की नवा कंट्रोलर घ्यायची गरजच उरत नाही.

तर्जनी दुखत असेल आणि हातात ड्युअलसेन्स असेल तर आधी पीएस५ च्या सेटिंग्जमध्ये जाऊन ट्रिगर इफेक्टची (गेमनुसार ट्रिगर बोटाला विरोध करतो ती सोय) तीव्रता कमी करा किंवा बंद करा. धनुष्य ताणल्याचा तो विरोध पहिल्या दिवशी भारी वाटतो, नंतर बोटाला नको होतो. रेसिंगवाल्यांनी मात्र स्विच प्रो घेताना थांबावं. त्याचे ट्रिगर चालू-बंद प्रकारचे आहेत, ॲक्सिलरेटर अर्धा दाबायची सोयच नाही.

स्विच प्रो पीसीला लावला की ‘ए’ आणि ‘बी’ची अदलाबदल जाणवते, कारण निन्टेन्डोचं ‘ए’ उजवीकडे असतं आणि एक्सबॉक्सचं खाली. ही रचनेची खोट नाही, सवयीचा प्रश्न आहे. पीसी गेमच्या स्टीम ॲपमध्ये निन्टेन्डोच्या मांडणीचा पर्याय आहे, तो बदला आणि मोकळे व्हा.

सिलिकॉनचं कव्हर चढवण्याची आपल्याकडे फार हौस. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याखाली घाम साचतो, पकड जाड होते आणि बंपर आणखी लांब जातो. मुठीवरचा मऊ रबरी थर वर्षा-दोन वर्षांत चिकट झाला असेल तर कव्हरने झाकू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कपडा किंचित ओला करून तो थर हळूहळू पुसून काढा. खालचं साधं प्लास्टिक हाताला कितीतरी बरं लागतं.

राहिला ड्रिफ्ट, म्हणजे हात न लावता स्टिक हलल्यासारखं गेमला वाटणं. याचा आरामाशी काय संबंध? आहे. स्टिक आपोआप डावीकडे ओढत असेल तर अंगठा नकळत तिला उजवीकडे रेटत राहतो, आणि तासाभराने दोष मिळतो आकाराला. बहुतेक स्टिकमध्ये तिची जागा मोजणारा पोटेन्शियोमीटर असतो, त्याचा कार्बनचा पट्टा घासून झिजतो. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये हे काम चुंबक करतो, म्हणून ती झीज होत नाही. पण ‘हॉल इफेक्ट’ लिहिलंय म्हणून पकड चांगली असेल असं समजू नका. स्टिकवरून हात काढा, गेममधला कॅमेरा सरकतो का पाहा आणि सरकत असेल तर तो थांबेपर्यंतच सेटिंगमधला डेडझोन (स्टिकच्या जेवढ्या हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो तो पट्टा) वाढवा. त्यापेक्षा जास्त वाढवलात तर बारीक निशाणा साधताना स्टिक मेल्यासारखी वाटेल. वॉरंटी बाकी असेल तर स्क्रू ड्रायव्हर लांबच ठेवा.