तीनपत्तीचा हात घेऊन पोकरला बसताय? मग या चुका टाळा

ताईच्या घरी, ठाण्यात कासारवडवलीला, महिन्यातून एका शनिवारी आमचा पत्त्यांचा अड्डा बसतो. ठरलेली वेळ आठची, पण घोडबंदर रोडने कुणाला आठला पोहोचू दिलं तर शपथ. नऊच्या सुमारास मामा मानपाड्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत आत येतात आणि मग कॅट पिसला जातो. भाच्याने हट्ट धरला म्हणून आम्ही तीनपत्ती बाजूला ठेवून पोकर घेतला, त्यातला टेक्सस होल्डेम: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलवर सगळ्यांसाठी पाच, आणि त्यांतून उत्तम पाचांचा हात लावायचा. पैसे नाहीत. ताईने चिंच फोडून बरणीत साठवलेले चिंचोके एकेक गुणाचे आणि कॅरमच्या सोंगट्या वीस गुणांच्या. सहा जणांना प्रत्येकी तीन सोंगट्या नि चाळीस चिंचोके, की झाले शंभर.

पहिल्याच रात्री भांडण झालं.

टेबलवर पाच पत्ते उघडे होते: बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर छक्की, चौकट पंजी आणि शेवटी आलेली बदाम दुर्री. भाऊजींच्या हातात अठ्ठी-नव्वी. म्हणजे पाच-सहा-सात-आठ-नऊ, सिक्वेन्स. त्यांनी पत्ते आपटले आणि दोन्ही हातांनी पॉट, म्हणजे मधे जमलेले चिंचोके, ओढायला सुरुवात केली. वहिनी शांतपणे म्हणाली, "थांबा भाऊजी, माझा कलर आहे." तिच्याकडे बदाम एक्का आणि बदाम गुलाम, म्हणजे टेबलवरचे तीन धरून पाच बदाम. भाऊजी हसले, "अगं, कलर लहान! सिक्वेन्सपुढे कलर कुठे टिकतो?"

तीनपत्तीत नाहीच टिकत. पोकरमध्ये टिकतो, आणि जिंकतो. आमच्या टेबलवरच्या जवळजवळ सगळ्या चुका या एकाच मुळातून निघाल्या आहेत: हात पोकरचा, डोकं तीनपत्तीचं.

हा क्रम कुणी मनाला आलं म्हणून लावलेला नाही. जे कमी वेळा जमतं ते मोठं, एवढंच तत्त्व. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत नुसता सिक्वेन्स ७२० वेळा आणि कलर १,०९६ वेळा. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठा. आता पाच पत्ते घ्या. एकूण हात २५,९८,९६०, त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. पारडं फिरलं! पाचही पत्ते एकाच रंगाचे येणं हे पाच पत्ते ओळीने लागण्यापेक्षा अवघड, म्हणून पोकरमध्ये कलर वर. हे आकडे मी भाऊजींना कागदावर मांडून दाखवले तेव्हा कुठे त्यांनी पॉटवरचे हात काढले.

ट्रेलचंही, म्हणजे तीन सारख्यांचंही, तेच. तीनपत्तीत तीन एक्के म्हणजे देव भेटला. सगळे ट्रेल मिळून फक्त ५२ हात आहेत, २२,१०० मध्ये. पोकरच्या पाच पत्त्यांत 'तीन सारखे' ५४,९१२ वेळा येतात, म्हणून ते सिक्वेन्सच्याही खाली. तेव्हा क्रम एकदा नीट सांगतो, खालून वर: काहीच नाही तर सर्वांत मोठा पत्ता, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सिक्वेन्स (पोकरच्या भाषेत स्ट्रेट), कलर (फ्लश), फुल हाउस म्हणजे तीन सारखे अधिक एक जोडी, चार सारखे, प्युअर सिक्वेन्स (स्ट्रेट फ्लश), आणि दश्शी ते एक्का एकाच रंगाची प्युअर सिक्वेन्स म्हणजे रॉयल फ्लश, जिचे अख्ख्या कॅटमध्ये चारच हात. दहा ओळी पाठ करायची गरज नाही. दोन्ही टोकं आपोआप लक्षात राहतात, गोंधळ फक्त मधल्या तिघांत: स्ट्रेट, फ्लश, फुल हाउस. तेवढी एक चिठ्ठी टेबलवर ठेवा.

एक्का-दुर्री-तिर्री हा आणखी एक सापळा. तीनपत्तीत बऱ्याच घरी हा एक्का-राजा-राणीच्या खालोखालचा सिक्वेन्स. पोकरमध्ये एक्का-दोन-तीन-चार-पाच हा सगळ्यांत लहान स्ट्रेट, कारण तिथे एक्क्याची किंमत एक. आणि राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री असं गोल फिरून येता येत नाही. ताईने एकदा तसा दावा केला होता. घर तिचं असल्यामुळे कुणी मोठ्याने हसलं नाही.

बाकी क्रमवारीतल्या चुका भराभर. इस्पिक मोठं, मग बदाम, ही उतरंड होल्डेममध्ये नाही. चारही रंग सारखे. 'तीन जोड्या' नावाचा हात नाही. दोन पत्ते हातातले, पाच टेबलवरचे, अशा सातांतून उत्तम पाच घ्यायचे आणि उरलेले दोन विसरायचे. दोघांची एक्क्यांचीच जोडी असेल तर ज्याचा पुढचा सुटा पत्ता मोठा तो जिंकतो. पाचही पत्ते तंतोतंत तोडीस तोड निघाले तर पॉट अर्धा-अर्धा. तीनपत्तीत बरोबरी झाली की शो मागणारा हरतो. इथे तसं नाही.

आता जोडीबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण चिंचोके सगळ्यांत जास्त इथेच जातात. तीनपत्तीत साधारण चारांतल्या तीन डावांत हातात काहीच नसतं. त्यामुळे गुलामांची जोडी आली तरी माणूस सरसावून बसतो, आणि ते बरोबरच असतं. पोकरमध्ये सात पत्ते पाहायला मिळतात. सातांत काहीच न लागण्याचं प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास, एक जोडी लागण्याचं ४४, दोन जोड्यांचं २३. म्हणजे जोडी ही इथली रोजची डाळ-भाताची गोष्ट. समोरचा तिसऱ्यांदा पैसे वाढवतोय आणि तुम्ही सत्त्यांची जोडी धरून "बघू तरी" म्हणत चिंचोके सरकवताय, तर तो तुमच्या जिवावर जेवतोय. दोन्ही पत्ते एका रंगाचे आले म्हणून हुरळून जाणंही तसंच. एका रंगाचे दोन पत्ते हातात असताना पहिल्या तीन उघड्या पत्त्यांतच फ्लश पुरा होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी आहे.

पैसे लावण्याकडे येतो. (पैसे म्हणजे चिंचोके. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळवणं बंद झालं आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. मोबाइलवर सराव करायचा तर फुकट चिप्सवरच करा.)

मघाचाच डाव घ्या. बदाम दुर्री यायच्या आधी चारच पत्ते उघडे होते. भाऊजींचा सिक्वेन्स तेव्हाच पुरा झालेला, पॉटमध्ये ६० गुण. आणि भाऊजींनी लावले किती? पाच चिंचोके! का? तर आधीची चाल पाचची होती. तीनपत्तीत चाल आधीच्या चालीवरून ठरते, तेवढी किंवा दुप्पट. ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की पॉट कितीही फुगला तरी माणूस पाच-पाच टाकत राहतो. नो-लिमिट पोकरमध्ये, म्हणजे कमाल मर्यादा नसलेल्या प्रकारात, आधीच्या चालीने फक्त किमान मर्यादा ठरते. किती लावायचं हे पॉटकडे बघून ठरवायचं.

वहिनीच्या बाजूने हिशेब करा. पाच भरायचे, आणि भरल्यावर पॉट होणार ७०. पाच भागिले सत्तर, म्हणजे ७ टक्के. जिंकण्याची शक्यता ७ टक्क्यांहून जास्त असेल तर भरणं फायद्याचं. तिला एक बदाम हवा होता. तेरापैकी चार बदाम दिसत होते, उरले नऊ. न पाहिलेले पत्ते ४६. नऊ भागिले शेहेचाळीस, म्हणजे १९ टक्क्यांहून थोडं जास्त. वहिनीने हा हिशेब केला नव्हता, ती नुसती "पाचच तर आहेत" म्हणाली, पण तिचं बरोबर होतं. भाऊजींनी तिला स्वस्तात तिकीट काढून दिलं.

त्यांनी ४० लावले असते तर? ४० भरून पॉट १४० चा, म्हणजे साधारण २९ टक्के शक्यता हवी. वहिनीकडे १९. तेव्हा तिने पत्ते टाकले असते, नाहीतर तोट्यात भरले असते. बदाम दुर्री तरीही आली असती, पत्त्यांना काय कळतं. पण दहा वेळा हाच डाव झाला तर साधारण आठ वेळा भाऊजी भरभक्कम पॉट घेऊन उठले असते. हात मोठा वाटतोय आणि समोरच्याला अजून काहीतरी हवंय असं दिसतंय, तर पॉटच्या अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत लावा. टेबलवर भागाकार जमत नसेल तर सोपी युक्ती: तुम्हाला उपयोगी पत्ते मोजा आणि दुप्पट करा. एक पत्ता उघडायचा बाकी असेल तर तेवढे टक्के, साधारण. नऊ पत्ते, अठरा टक्के.

मामांची चूक वेगळी आणि जास्त केविलवाणी. तीनपत्तीत पाळी आली की पैसे भरा नाहीतर पॅक व्हा (पत्ते टाका), फुकटातला तिसरा रस्ता नाही. पोकरमध्ये आहे: तुम्हाला भरायचं काही बाकी नसेल तर 'चेक' म्हणायचं आणि फुकटात पुढे जायचं. मामांचे सक्तीचे दोन चिंचोके आधीच आत पडलेले, बाकीच्यांनीही दोन-दोनच टाकलेले, आणि मामा पत्ते बघून तोंड वाकडं करत म्हणणार, "पॅक." अहो, पुढचे तीन पत्ते फुकट दिसत होते!

त्या सक्तीच्या रकमेला 'ब्लाइंड' म्हणतात, इथेही घोळ होतो. पत्ते वाटणाऱ्याच्या डावीकडचे दोघं ती भरतात, तीनपत्तीत डावाच्या सुरुवातीला सगळे भरतात त्या 'बूट'सारखी. न बघता अर्ध्या पैशांत खेळायची सवलत इथे नाही. भाचा तीन डाव पत्ते न उचलता "मी ब्लाइंड" म्हणत बसला होता. त्याला कुणी सांगेना, कारण तो हरत होता.

ब्लफबद्दल एकच: ज्याला पत्ते टाकता येतात त्यालाच घाबरवता येतं. आमच्या ताईला येत नाहीत.

शेवटची गडबड, सगळे चिंचोके संपतात तेव्हाची. गेल्या वेळी मामांकडे ४० उरले होते, ते सगळे आत. वहिनी आणि भाच्याने शंभर-शंभर लावले. मामांचा हात सर्वांत मोठा निघाला आणि त्यांनी सगळे २४० मागितले. तसं होत नाही. प्रत्येकाचे चाळीस असे १२० मुख्य पॉटचे, तेवढेच मामांचे. उरलेले साठ नि साठ हा बाजूचा पॉट, तो वहिनी आणि भाचा यांच्यात. आम्ही आता दोन स्टीलच्या वाट्याच ठेवतो. कुणी 'ऑल इन' म्हटलं की लगेच दुसरी वाटी पुढे येते. त्या रात्री दुसरी वाटी भाच्याकडे गेली. मामांपुढे हरूनही आपले शंभरचे एकशेवीस कसे झाले, म्हणून तो ताटं मांडली तरी चिंचोके मोजत बसला होता.