बीडकडून येताय अन् संभाजीनगरात काम नाही? मग शहरात घुसूच नका

सोलापूर, धाराशिव, बीडकडून पब्लिक वेरूळला नाहीतर धुळ्याकडं निघतं अन् बीड बायपासची पाटी दिसली की खुशाल तिकडं वळतं, मग देवळाई चौकात अडकून हॉर्न वाजवत बसतं. तो रोड कधीकाळी शहराबाहेर होता हो. आता झाल्टा फाट्यापासून महानुभाव आश्रमापर्यंत दोन्ही बाजूला सोसायट्या, दवाखाने, कॉलेजं, मंगल कार्यालयं, लग्नसराईत तर वरात पण रस्त्यावरच, पूल झाले तरी तो शहरातलाच रस्ता समजा.

तुम्हाला पाहिजे तो नवीन बायपास, म्हणजे सोलापूर-धुळे हायवे, एनएच 52. निपाणी-आडगावपासून करोडीपर्यंत साधारण 30 किमी. पाचोड, आडूळ, चित्तेपिंपळगाव मागं पडलं की गप्पा बंद करा अन् बोर्डावर लक्ष ठेवा, धुळे लिहिलेलं धरायचं, डावीकडं. झाल्टा फाटा आला म्हणजे चुकलात, पुढं नीट यू-टर्न घेऊन परत या, राँग साईडनं शॉर्टकट मारू नका, तिथं ट्रक दणक्यात येतात. मॅप लावणार असाल तर मधला स्टॉप म्हणून करोडी टाका, नाहीतर ते दोन मिनिटं वाचवायला कुठल्याही गल्लीत नेतं.

हा रोड गांधेलीकडून पैठण रोड ओलांडून ए. एस. क्लबजवळ नगर रोडला भेटतो अन् तिसगाव, साजापूर करत करोडीला निघतो. पुण्याला जायचं असेल तर ए. एस. क्लबला उतरायचं, पण वाळूज एमआयडीसीची शिफ्ट सुटायची वेळ टाळा, कंपन्यांच्या बसेस अन् दुचाक्यांचा लोंढा एकदम येतो. अन् आषाढी एकादशीला तर तिकडं फिरकूच नका, छोट्या पंढरपूरला अख्खं शहर पायी निघालेलं असतं.

वेरूळवाल्यांनी करोडीवरून दौलताबादकडं वळायची गरज नाही. किल्ल्याजवळचा दिल्ली गेट बघितलाय ना, एक बस अन् एक ट्रक समोरासमोर आले की दोघं पण आरसे मिटून उभे, मागं रविवारची लाईन. सरळ हायवेनं कसाबखेडा फाट्याला जा, तिथून वेरूळ. श्रावणात अन् महाशिवरात्रीला तर हेच करा. किल्ला बघायचाच असेल तर मग घुसा, सकाळी लवकर. अन् मंगळवारी लेणी बंद असते, घृष्णेश्वर चालू असतं, उगं लेकराबाळांना घेऊन गेटवरून परत येऊ नका.

जालन्याकडून येणाऱ्यांचं गणित वेगळं. अजिंठा, जळगावला जायचं तर केंब्रिज चौकातून सावंगीचा रस्ता धरा, जालना रोड अन् हर्सूलची गर्दी टळते. नाशिक-मुंबईला जायचं तर सरळ समृद्धी घ्या, 2025 च्या जूनपासून मुंबईकडं पूर्ण चालू झालाय, फक्त बाईकवाल्यांना एन्ट्री नाही. अन् टोलचा वर्षाचा फास्टॅग पास काढला असेल तर तो एनएच 52 वर चालतो, समृद्धीवर नाही, तिथं खात्यात बॅलन्स लागतोच.

रात्री जमलं तर टाळाच. उसाच्या सीझनला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, वर टेपवर गाणी, तुम्ही कितीबी हॉर्न मारा. हेडलाईटमधी आधी नुसती उसाची वाळकी पाचट हलताना दिसते, तोवर तुम्ही पार जवळ गेलेले असता. गावाच्या क्रॉसिंगला पण बाईकवाले उलट्या बाजूनं येतात, डावीकडच्या कडेला चिकटून पळवू नका.

ट्रकवाल्यांनो, तुम्ही करोडी गाठलं म्हणजे सुटलात असं नाही. पुढं धुळ्याच्या वाटेवर औट्रम घाटात, म्हणजे आपल्या कन्नड घाटात, 2023 पासून कोर्टाच्या आदेशानं अवजड गाड्यांना बंदी आहे. देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव करून चाळीसगावला उतरावं लागतं, त्या हिशोबानं डिझेल अन् वेळ आधीच धरा.