यॉर्कशायर डेल्समधील पबच्या सहलीसाठी छोटी गाडी: निघण्यापूर्वीची तयारी

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर डेल्समध्ये दोन-तीन दिवस हिंडायचे, दुपारी एखाद्या जुन्या पबमध्ये जेवायचे आणि रात्री दुसऱ्या पबच्या वरच्या मजल्यावरील खोलीत मुक्काम करायचा, अशी सहल आखली की गाडीचा प्रश्न लगेच उभा राहतो, कारण स्वेलडेल आणि वेन्स्लीडेल या खोऱ्यांतील बससेवा विरळ आहे. गाडी ठरवताना बहुतेक जण सर्वांत आधी भाडे पाहतात. माझ्या मते सर्वांत आधी चालक ठरवावा; परवाना, विमा, गिअरचा प्रकार आणि पबमध्ये कोणी काय प्यायचे, या चारही गोष्टी त्या एका माणसावर अवलंबून असतात.

भारतातून फिरायला आलेल्या व्यक्तीला आपल्या वैध भारतीय परवान्यावर ग्रेट ब्रिटनमध्ये बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. मात्र जो तेथे राहायला गेला आहे, त्याची ही मुदत तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून मोजली जाते. वर्ष उलटल्यावर भारतीय परवाना चालत नाही आणि थेट अदलाबदलीची सोयही नसल्यामुळे तेथील परीक्षा द्यावी लागते. शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींच्या भरवशावर आईवडील सहल आखतात तेव्हा ही तारीख अवश्य तपासावी. ज्यांच्याकडे तेथील परवाना आहे त्यांनी परवाना खात्याच्या संकेतस्थळावरून तपासणीचा कोड काढून ठेवावा. तो २१ दिवसच चालतो, म्हणून फार आधी काढून उपयोग नाही. पंचवीस वर्षांखालील चालकाला अनेक कंपन्या जादा आकार लावतात आणि परवाना किमान वर्षभर जुना असावा अशी अटही घालतात, तेव्हा घरातील धाकट्याला चालक नेमून स्वस्तात काम होईल हा हिशोब बहुधा चुकतो. डिपॉझिटसाठी लागणारे क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे असावे लागते. वडिलांचे कार्ड आणि मुलाचा परवाना, अशी जोडी बहुतेक काउंटरवर चालत नाही.

करारात ज्याचे नाव आहे त्यालाच विम्याचे संरक्षण मिळते, आणि पबच्या सहलीत या नियमाला वेगळेच महत्त्व येते. चौघांत एकच नाव नोंदवले आणि तोच माणूस दुपारी दोन पाइंट पिऊन बसला, तर इतर तिघे शुद्धीवर असूनही गाडी जागची हलवता येत नाही. म्हणून जादा पैसे पडले तरी दुसरा चालक करारात नोंदवावा आणि दर दिवशी कोणी प्यायचे नाही हे सकाळीच ठरवावे. इंग्लंडमध्ये रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम आहे आणि भारतात ती ३० आहे. हा फरक ऐकून आपल्याकडचे काही जण खूश होतात, ते धोक्याचे आहे. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, तोही हातपंपाने ओढलेल्या बिअरचा, जिची ताकद पबगणिक बदलते. मर्यादेपर्यंत मोजून पिणे कोणालाच जमत नाही. गुन्हा सिद्ध झाल्यास किमान बारा महिन्यांची वाहनबंदी, अमर्याद दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुक्कामाच्या रात्री पिऊन सकाळी निघणाऱ्यांनीही हिशोब करावा. चार टक्के ताकदीच्या एका पाइंटमध्ये सुमारे २.३ युनिट (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्य) मद्य असते आणि शरीर ते साधारण तासाला एक युनिट या गतीने संपवते, म्हणजे रात्री अकराला चौथा पाइंट संपवणाऱ्याने नाश्ता करून लगेच निघण्याचा बेत करू नये. चालकासाठी अर्धा टक्क्याच्या बिअर आता बहुतेक पबमध्ये मिळतात आणि त्यांतल्या काही खरोखर चांगल्या असतात.

आता गाडीकडे वळू. डेल्समधील रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना, मुरुमाची पट्टीही न सोडता, बिनचुन्याच्या दगडी भिंती उभ्या आहेत. डांबर संपते तिथे दगड सुरू होतो. अशा ठिकाणी गाडीची लांबी फारशी आड येत नाही, आड येते ती रुंदी. आरसे सोडून किया पिकांटोची रुंदी १,५९५ मिलिमीटर, ह्युंदाई आय-१० ची १,६८०, फोक्सवॅगन पोलोची १,७५१ आणि तिकडे घरोघरी दिसणाऱ्या निसान कश्काईची १,८३५ आहे. पिकांटो आणि कश्काई यांच्यात २४ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि समोरून शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला की तेवढ्यावरच निभावते. काउंटरवरचा माणूस हसतमुखाने मोठी गाडी फुकट देऊ करेल. शहरात राहणाऱ्याने ती जरूर घ्यावी, डेल्सकडे निघालेल्याने आभार मानून नाकारावी.

आरक्षण करताना चित्रातली गाडी मिळेल असे कोणतीही कंपनी सांगत नाही. ती वर्ग सांगते आणि ‘किंवा तत्सम’ असे पुढे जोडते. त्यामुळे चित्राऐवजी चार अक्षरांचा कोड वाचावा. पहिले अक्षर वर्गाचे असते, त्यात एम म्हणजे मिनी आणि ई म्हणजे इकॉनॉमी. दुसरे दारांचे, त्यात डी म्हणजे चार-पाच दारे. तिसरे गिअरचे, एम असल्यास हाताचे आणि ए असल्यास ऑटोमॅटिक. चौथे अक्षर इंधन आणि वातानुकूलनाविषयी असते. मागे आजी-आजोबा बसणार असतील तर दुसरे अक्षर नीट पाहावे, कारण फियाट ५०० सारख्या दिसायला गोंडस गाडीला मागची दारेच नसतात आणि दर पबपाशी पुढची सीट वाकवून ज्येष्ठांना बाहेर काढणे हा कार्यक्रम दुसऱ्या दिवशीच नकोसा होतो. गिअरबाबत आपल्याकडच्या चालकांना फार अडचण नाही. स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला, वाहतूक डावीकडून, सारे ओळखीचेच. मात्र तिकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, त्यामुळे मारुती चालवणारा माणूस पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरवतो. केवळ ऑटोमॅटिक चालवणाऱ्यांनी आरक्षण लवकर करावे. छोट्या वर्गात अशा गाड्या थोड्या असतात आणि भाडेही चढे असते.

अगदी लहान गाडीची एक उणीव मात्र मान्य करायला हवी. मिनी वर्गातील गाड्यांना बहुधा एक लिटरचे, टर्बो नसलेले इंजिन असते, आणि चार मोठी माणसे व सामान घेऊन हॉजहून थ्वेटकडे जाणारा बटरटब्ज घाट चढताना ते धापा टाकते. सुमारे ५२६ मीटरपर्यंत चढणारा हा रस्ता २०१४ च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलस्वारांनी पार केला होता. भाड्याची गाडीही करते, फक्त दुसऱ्या गिअरमध्ये आणि मागच्या वाहनांचा संयम पाहत. दोघे किंवा दोन मोठी माणसे आणि एक मूल असेल तर मिनी वर्ग पुरे. चौघे असतील तर मी इकॉनॉमी वर्गातील पोलो, कोर्सा किंवा क्लिओसारखी गाडी घेईन. रुंदी थोडी वाढते, पण चढावरचा जोर आणि डिकी दोन्ही वाढतात. आय-१० ची डिकी २५२ लिटरची आहे, म्हणजे विमानप्रवासाची एक मोठी बॅग आणि वर दोन पिशव्या. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या मोठ्या बॅगा लीड्स किंवा लंडनच्या घरीच ठेवाव्यात आणि कपडे मऊ पिशव्यांत भरावेत. बारा वर्षांखालील आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला कायद्याने बालआसन लागते. ते आपलेच नेले तर भाडे वाचते. विजेवरची गाडी हौसेखातर घ्यायची असेल तर मुक्कामाच्या पबच्या आवारात चार्जर असल्याची खात्री आधी करून घ्यावी, अन्यथा या सहलीपुरती पेट्रोलच बरी.

स्टेपनी आहे का, हा प्रश्न काउंटरवर सर्वांत आधी विचारावा. नव्या छोट्या गाड्यांत पुष्कळदा तिच्या जागी फक्त फेसाची बाटली आणि हवेचा पंप असतो. खिळ्याच्या भोकाला ते पुरते, रस्त्याकडेच्या दगडाने टायरची बाजू फाडली तर त्याचा काही उपयोग नाही. याच्याशीच विम्याचा मुद्दा निगडित आहे. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा भाड्यात असतोच, परंतु गाडीच्या नुकसानीत पहिले हजार पौंड किंवा त्याहूनही अधिक रक्कम ग्राहकाने भरायची असते आणि टायर, काचा व गाडीचा तळ हे पुष्कळदा संरक्षणातून वगळलेले असतात. डेल्समध्ये नेमक्या याच तीन गोष्टींना धोका असतो. काउंटरवर विकले जाणारे जादा संरक्षण महाग पडते. तेच स्वतंत्र विमा कंपनीकडून आधी घेतल्यास स्वस्त मिळते, परंतु तेव्हा नुकसानीचे पैसे प्रथम आपल्या कार्डावरून जातात आणि मागाहून दावा करावा लागतो, म्हणून कार्डावर तेवढी मोकळी मर्यादा असावी. गाडी ताब्यात घेताना चारही चाकांच्या रिमची, आरशांच्या कडांची आणि बंपरच्या खालच्या बाजूची छायाचित्रे काढावीत. पाऊस पडत असला तरी हे काम टाळू नये, कारण ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत आणि परत देताना मात्र ऊन पडलेले असते.

गाडी कोठून घ्यायची, याचे उत्तर लंडन हे नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाहून डेल्सजवळच्या डार्लिंग्टनला रेल्वेने अडीच तासांच्या आसपास पोहोचता येते, आणि तेथून गाडीने रिचमंडमार्गे स्वेलडेलमधील रीथ गाव तासाभरात गाठता येते. लंडनची गर्दी, तेथील शुल्के आणि मोटारवेवरचा कंटाळवाणा दिवस, सारे वाचते. लहान शहरांतील शाखा शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत असे पुष्कळदा आढळते, त्यामुळे शुक्रवारी घेऊन सोमवारी परत देण्याचा बेत सोयीचा. पबचेही वेळापत्रक असते. दुपारचे जेवण दोन-अडीचला थांबते, संध्याकाळचे सहाच्या सुमारास सुरू होते आणि नऊला स्वयंपाकघर बंद होते. खेड्यातले काही पब सोमवारी उघडत नाहीत. रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या जेवणासाठी आधी जागा राखावी. शाकाहारी मंडळींसाठीही फोन करून विचारावे, नाहीतर चिप्सवर भागवावे लागते.

मार्ग आखताना नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण स्वेलडेलच्या वरच्या भागात मोबाइलची रेंज जाते, आणि टाकी मोठ्या गावातच भरून घ्यावी. पेट्रोलची नळी हिरवी आणि डिझेलची काळी असते, तरी झाकणावरचे लेबल वाचूनच ती उचलावी. अंतरे आणि वेग मैलांत असतात. पांढऱ्या वर्तुळात काळी तिरकी रेघ दिसली की एकपदरी-दुपदरी रस्त्यावर ताशी ६० मैलांची, म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटरची परवानगी असते, पण भिंतींमधल्या अरुंद रस्त्यावर त्याच्या निम्म्यानेही जाता येत नाही. एकच गाडी मावेल अशा रस्त्यावर ठरावीक अंतरावर रुंद जागा ठेवलेल्या असतात: ती जागा आपल्या डावीकडे असेल तर तीत शिरावे, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला तीत शिरू द्यावे, चढ चढणाऱ्याला शक्यतो वाट द्यावी आणि फोटोसाठीसुद्धा तेथे गाडी उभी करू नये. चालकाला पन्नास-साठ मीटर सरळ रिव्हर्स घेता यायला हवे. हा सराव निघण्यापूर्वी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये करावा. मोकळ्या माळावर मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या असतात, हॉर्नने त्या उठतीलच असे नाही. घोडेस्वाराला ताशी १० मैलांखाली येऊन निदान दोन मीटर अंतर ठेवून ओलांडावे.

टॅन हिल इन या पबला जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ५२८ मीटर उंचीवरील हा ब्रिटनमधील सर्वांत उंच पब आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळाच्या बर्फामुळे साठेक पाहुणे तेथे तीन रात्री अडकून पडले होते. भाड्याच्या गाड्यांना तिकडे सहसा हिवाळी टायर नसतात, म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळात टॅन हिल बेतातून वगळून खालच्या खोऱ्यातील म्यूकर, रीथ किंवा हॉजजवळच्या हार्ड्रॉ येथील पबवर समाधान मानावे. हार्ड्रॉच्या ग्रीन ड्रॅगन या पबमागे धबधबाही आहे. उन्हाळ्यात मात्र केल्डहून वर जाऊन अर्केनगार्थडेलमार्गे रीथला उतरावे. हा रस्ता दिवसाउजेडी संपवावा.

परतीच्या दिवशी शाखेजवळच्या पंपावर टाकी भरून पावती जपून ठेवावी, गाडी कार्यालय उघडे असताना माणसाच्या हाती द्यावी आणि त्याच्यासमोर पुन्हा छायाचित्रे काढावीत. वेगमर्यादेची किंवा पार्किंगची नोटीस आधी कंपनीकडे जाते आणि कंपनी आपला जादा आकार लावून ती पुढे पाठवते, तेव्हा सहलीनंतरचा महिनाभर कार्डाचे विवरण आणि ईमेल पाहत राहावे.