ब्रेक बूस्टर खोलून साफ करायचाय? मग रबरी चकती आधी समजून घ्या

ब्रेक पेडल कडक झालं की लोक आधी लायनर बदलतात, मग मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा), आणि बूस्टरकडे (व्हॅक्युमच्या, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीच्या, जोरावर पायाचा दाब वाढवणारा डबा) सगळ्यात शेवटी बघतात. हा क्रम उलटा हवा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली किंचित उतरलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही, तर आधी व्हॅक्युम पाईप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) तपासा. डिझेल गाडीत व्हॅक्युम वेगळ्या पंपातून येतो. जुन्या बोलेरो-पिकअपमध्ये हा पंप अल्टरनेटरच्या मागे असतो. पंपच गेला असेल तर बूस्टर खोलून काही हाती लागणार नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक बूस्टर खोलायचा नसतो. दोन्ही कवचं खाचांत फिरवून बसवलेली असतील आणि त्या मॉडेलचं दुरुस्तीचं किट मिळत असेल तरच हात घाला. कडा सगळीकडून दुमडून बंद केलेला बूस्टर छिन्नीने उघडून पुन्हा ठोकून देणारे आहेत. तसं करून घेऊ नका, सरळ नवा बसवा. द्राक्षं किंवा कांदा भरून कसारा घाट उतरणाऱ्या गाडीला ठोकलेली कड चालत नाही.

काढणं सोपं आहे: पेडल मारून व्हॅक्युम संपवा, पाईप काढा, मास्टर सिलिंडर सोडवा, केबिनमधली पेडलची पिन आणि चार नट काढा. मास्टर सिलिंडर निघाल्यावर मात्र पेडलला कुणाचाही पाय लागू देऊ नका. का, ते पुढे येईल.

खोलण्याआधी दोन कामं. दोन्ही कवचांवर रंगाने एकच आडवी खूण करा. मग बूस्टरच्या तोंडापासून (जिथे मास्टर सिलिंडर बसतो) पुशरॉड, म्हणजे मास्टर सिलिंडरला ढकलणारी दांडी, किती बाहेर आहे ते व्हर्नियरने मोजून कागदावर लिहा. कवच वाईसमध्ये आवळू नका, मागच्या स्टडना जाड पट्टी लावून ती पट्टी धरा. आत दाबलेली मोठी स्प्रिंग असते, म्हणून पुढचं कवच लांब बोल्ट-पट्टीने दाबून ठेवूनच फिरवा आणि बोल्ट हळूहळू सोडा.

सफाईला फक्त स्पिरिट आणि कोरडं फडकं. रॉकेल, पेट्रोल, डिझेल रबराला लावलं की ते फुगतं. डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, उजेडासमोर ताणून बघा, चीर बहुधा कडेच्या घडीत सापडते. कवचात ओल दिसली तर ती ब्रेक ऑइल आहे की इंजिन ऑइल, ते ओळखा. ब्रेक ऑइल असेल तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळतंय. इंजिन ऑइल असेल तर ते पंपाकडून आलंय. कारण तसंच ठेवून नवा डायफ्राम टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. इगतपुरीच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांत कवचाचा तळ नीट खरवडून बघा. गंजाने खड्डे पडले असतील तर कवच बाद.

आता अवघड भाग. पुशरॉडच्या डोक्यामागे नाण्याएवढी रबरी चकती असते. पाय किती जोराने दाबतोय याची जाणीव पेडलला तिच्यामुळे परत मिळते. पुशरॉड ओढला किंवा मास्टर सिलिंडर नसताना पेडल दाबलं की ती जागेवरून निसटते आणि कवचात पडते. बाहेरून काहीच दिसत नाही. मग पेडल आधी पोकळ जातं आणि नंतर ब्रेक एकदम धरतात. दुसऱ्या एका गॅरेजमधून डायफ्राम बदलून आलेली पिकअप याच तक्रारीसाठी माझ्याकडे आली. खोलली तर चकती स्प्रिंगखाली पडलेली. तोवर लायनर, ड्रम, सगळं बदलून झालं होतं.

ही चकती बसवायला मलाही बराच काळ झगडावं लागलं. उपाय असा: बूस्टर स्टडच्या बाजूवर उभा ठेवा, तोंड वर. किटमधलं सिलिकॉन ग्रीस चकतीला अगदी पातळ लावा, साधं ग्रीस नको. चकती भोकात सपाट बसवा, बोटाने कडा सगळीकडून चाचपा, मगच पुशरॉड घाला. त्यानंतर बूस्टर उलटा करू नका. खूण जुळवून कवच बंद करा आणि पुन्हा व्हर्नियर लावा. मघाच्या आकड्यापेक्षा पुशरॉड स्पष्ट आत असेल तर चकती पडली आहे. पुशरॉडच्या टोकाचा बोल्ट फिरवून लांबी ‘जमवू’ नका, परत खोला.

आकडा जुळला तरी मास्टर सिलिंडर बसवण्याआधी पुशरॉडच्या टोकाला मऊ मातीची गोळी लावा. सिलिंडर हलकेच आवळून काढा आणि दबलेल्या गोळीची जाडी मोजा. तेवढी फट, ती मॅन्युअलमधल्या मापाशी ताडा. फट नसेल तर ब्रेक सुटत नाहीत.

जोडणी झाल्यावर इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. पेडल वर ढकललं जायला नको. मग रिकामी गाडी दहा मिनिटं चालवून चारही रिम हात जवळ नेऊन बघा. चारही तापल्या असतील तर पुशरॉड लांब झालाय. घाटात न्यायच्या आधी त्याची लांबी कमी करा.