जुन्या यामाहा आरएक्स १०० चा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर

गाडी उभी केली की कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं? आधी पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) बंद करा. या गाडीच्या टू-स्ट्रोक इंजिनात जादा पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत उतरतं, मग किक मारून पाय दुखतात आणि स्पार्क प्लग ओला तो ओलाच.

कॉक पुन्हा चालू करून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीवर हलकेच टकटक करा. या वाटीत पेट्रोलवर फ्लोट तरंगतो; पातळी वाढली की तो निडल नावाची सुई वर ढकलतो आणि ती सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकाच्या कडेवर, बसून पेट्रोल बंद करते. सीटवर अडकलेला कचरा पुष्कळदा एवढ्यानेच सुटतो. नाहीच थांबलं तर कॉक बंद करून वाटी उघडा. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बदलायचाच. मग निडलचं टोक उजेडात धरा. त्यावर गोल खाच उमटली असेल तर कितीही साफ करा, गळती राहणार. सीट कापडाने पुसा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका.

जोडण्यापूर्वी कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोल येतं त्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंका. हवा जाता कामा नये. जात असेल तर निडल बसत नाही. ही परीक्षा मेकॅनिकसुद्धा टाळतात, पण सगळ्यात खरी हीच.

क्रँककेस भरला असेल तर कॉक बंद ठेवून प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि भरपूर किका मारा. त्यावेळी इग्निशन बंदच हवं आणि प्लगची वायर लांब. उडालेलं पेट्रोल ठिणगीने पेटतं.

टाकीत गंज असेल तर फिल्टर बसवल्याशिवाय हे दुखणं परत येणारच.