नेव्हिगेशनने इम्प्लांट बसवायला जाण्याआधी

सासूबाईंच्या खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायची दाताची कृत्रिम मुळं, बसवायचे होते, तेही नेव्हिगेशनने, म्हणजे ड्रिल जबड्यात नेमकं कुठे आहे ते पडद्यावर बघत. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो, दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. तरी ठरलेल्या दिवशी काम न होताच परत आलो. जबड्याचा स्कॅन होऊन तीन आठवडे गेले होते आणि तेवढ्यात आईंनी उजवीकडची हलणारी कॅप दुसरीकडे जाऊन नवी करून घेतली होती. ते सांगायला हवं, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच: स्कॅन झाल्यापासून ऑपरेशन होईपर्यंत तोंडात काहीही बदलू नका. फिलिंग, कॅप, दात काढणं, सगळं थांबवा. काही तुटलं किंवा निघालंच तर आधी डॉक्टरांना फोन करा.

कारण समजलं की हे पाळणं सोपं जातं. सीबीसीटी स्कॅनमधून जबड्याचं त्रिमितीय चित्र मिळतं आणि इम्प्लांट कुठे, किती खोल, कोणत्या कोनात बसवायचा ते डॉक्टर त्यावर ठरवतात. ऑपरेशनच्या वेळी त्याच जबड्यातल्या दातांवर एक ट्रॅकर, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येणारी खूण, घट्ट बसवतात, दुसरा ड्रिलच्या हँडपीसवर, म्हणजे हातात धरायच्या भागावर असतो, आणि कॅमेरा दोघांवर नजर ठेवतो. खरं तोंड आणि स्कॅनमधलं तोंड जुळवायला अनेक दवाखान्यांत उरलेल्या दातांवरून एक टोकदार उपकरण फिरवतात. आईंचे दात आधीच कमी, त्यात नेमका तो दात बदललेला. जुळणी पटेना, म्हणून पुन्हा स्कॅन. संगणकाला स्कॅनमध्ये दाखवलं तेवढंच तोंड ठाऊक असतं.

त्यामुळे स्कॅनच्या दिवसाची तयारी सगळ्यात मनापासून करा. कानातले, नथ, मंगळसूत्र, केसातल्या पिना घरीच काढा. काढता येणारी कवळी सोबत न्या, पण ती घालायची की काढायची हे तिथे विचारा. जुने एक्स-रे न्या. स्कॅन चालू असताना गिळू नका, हलू नका. आईंना मी घरीच खुर्चीत बसवून अर्धा मिनिट स्थिर राहायचा सराव करून घेतला होता. कुठला दात हलत असेल तर तेही आधीच सांगा, कारण हलत्या दातावर ट्रॅकर बसवला तर सगळं मोजमापच हलेल.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. खालच्या जबड्यातल्या नसेपासून किती अंतर ठेवलंय? सहसा २ मिलिमीटर तरी सोडतात, आणि ते सोडायलाच हवं, कारण नेव्हिगेशन असूनही ठरवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत मिलिमीटरभर फरक पडू शकतो. वरच्या दाढा असतील तर सायनसबद्दल, म्हणजे त्यांच्या वर असलेल्या हवेच्या पोकळीबद्दल विचारा. आणि हे नक्की विचारा: ड्रिल सुरू करण्याआधी टोक एखाद्या दाताला टेकवून पडद्यावरही तिथेच दिसतंय का, हे तुम्ही तपासता ना? दर वेळी ड्रिल बदलल्यावर त्याची लांबी पुन्हा नोंदवता ना? आमच्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडले. त्यांनी पडद्यावर दाखवूनच उत्तरं दिली. दुसरं मत हवं असेल तर नेरूळ, बेलापूर, खारघरला डेंटल कॉलेजं आहेत, ट्रान्स-हार्बर लाइनने जाता येतं.

औषधांची यादी लपवाछपवी न करता द्या. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दातांचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर यांना आपसात बोलू द्या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल तर ते आवर्जून सांगा, कारण जबड्याचं हाड भरून येण्याशी त्याचा थेट संबंध आहे. मधुमेह असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा, ताजा रिपोर्ट न्या. तंबाखू आणि मिश्री बंद. मिश्रीला बऱ्याच बायका व्यसन मानतच नाहीत, म्हणून ती नाव घेऊन विचारावी लागते.

ऑपरेशनच्या दिवशी, फक्त त्या जागेपुरतीच भूल देणार असतील तर, पोटभर खाऊन आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच जा. साखर आणि बीपीच्या गोळ्यांचं आधी विचारून ठेवा. लिपस्टिक नको. ट्रॅकरला हात लावू नका. मान वळवायची असेल तर हात वर करून सांगा. परतताना रिक्षा ठरलेली असू द्या, बर्फ फ्रीजरमध्ये तयार ठेवा, रात्रीला गार मऊ भात आणि वरण. पहिल्या दिवशी जोरात चुळा भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका.

निघताना इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. पुढे खालच्या जबड्यात सहसा तीनेक महिन्यांनी कॅप बसते, वरच्यात थोडा जास्त वेळ लागतो. आणि काही वर्षांनी कॅपचा स्क्रू सैल झाला, दवाखाना बदलला, तर तो स्टिकरच उपयोगी पडेल. आमचा आईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवलाय.